मुइझ्झू, ‘इंडिया आउट’ आणि दिल्लीने टाळलेल्या गोष्टी : मालदीवचं प्रकरण

छोट्या देशात असा माणूस निवडून आला की ज्याचा सगळा प्रचारच मोठ्या शेजाऱ्याच्या विरोधात होता, तर त्या मोठ्या शेजाऱ्याने करायचं काय? हा प्रश्न सहसा अमेरिकेच्या संदर्भात विचारतात, क्युबा, व्हेनेझुएला वगैरे. पण आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही, कारण २०२३ ते २०२५ या काळात मोठ्या देशाच्या जागी आपण स्वतःच होतो आणि समोर होते मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू. मी गोव्यात राहतो, इथे पर्यटनावर हजारो घरं चालतात, त्यामुळे मालदीवची भांडणं आमच्याकडे जरा जास्तच चवीने चघळली गेली, आणि मला वाटतं त्या गडबडीत खरी शिकण्यासारखी गोष्ट बाजूलाच राहिली. ती गोष्ट म्हणजे दिल्लीने काय केलं यापेक्षा काय काय केलं नाही. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडतो.

आधी मालदीव भारतावर किती अवलंबून आहे ते बघू. सुमारे १२०० बेटं, त्यातली वस्तीची दोनशेच्या आत, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. शेती जवळजवळ नाहीच. तांदूळ, पीठ, कांदा, बटाटा, अंडी, औषधं, बांधकामाची वाळू, सगळं बाहेरून येतं आणि त्यातलं बरंच भारतातून येतं. गोवेकराला हे समजायला वेळ लागू नये. आपली भाजी बेळगावहून येते, चोर्ला घाटात दरड कोसळून दोन दिवस रस्ता बंद पडला तरी म्हापशाच्या बाजारात टोमॅटोचा भाव कुठच्या कुठे जातो, आणि जो माणूस रोज ज्याच्यावर अवलंबून असतो त्याच्याबद्दल त्याच्या मनात नुसती कृतज्ञता नसते, थोडी चीडही असते. मालदीवमध्ये ती चीड देशाएवढी मोठी आहे.

कृतज्ञतेची कारणंही खरी आहेत हां. नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतल्या भाडोत्री तमिळ बंडखोरांना हाताशी धरून राजधानी मालेत सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले पॅराट्रूपर विमानाने हुलहुले बेटावर उतरले. काम झाल्यावर सैन्य परत आलं, तिथे ठाण मांडून बसलं नाही, हे महत्त्वाचं. २००४ च्या त्सुनामीत आपली मदत आधी पोचली. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी शुद्ध करायच्या प्लांटला आग लागली, शहरात प्यायला पाणी नाही, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. आणि त्या वेळी सत्तेवर कोण होतं? अब्दुल्ला यामीन, जे भारताचे मित्र अजिबात नव्हते.

मग राग आला कुठून

यामीन २०१३ ते २०१८ सत्तेवर होते, चीनकडे झुकलेले. चीनशी मुक्त व्यापार करार केला, चीनच्या पैशातून माले आणि विमानतळाचं बेट जोडणारा पूल बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी आणीबाणी लावली, न्यायाधीशांना आत टाकलं, आणि तिकडचे माजी राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी भारताने हस्तक्षेप करावा असं उघड सांगितलं. आपल्याकडे टीव्हीवर तेव्हाही ‘सैन्य पाठवा’ चालू होतं. दिल्लीने पाठवलं नाही. सात महिन्यांनी लोकांनी मतदान करून यामीनना घरी बसवलं आणि इब्राहिम सोलिह आले. ही घटना पुढच्या सगळ्याची तयारी होती असं मी मानतो, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

सोलिह आले आणि मग मात्र आपण जरा जास्तच जवळ गेलो. १.४ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली, माले जवळच्या बेटांना जोडणारा ५० कोटी डॉलरचा मोठा पूल-प्रकल्प सुरू झाला, सोलिह यांचं धोरणच ‘इंडिया फर्स्ट’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पैसा देण्यात गैर काही नाही. गैर हे झालं की काही गोष्टी झाकून ठेवल्या गेल्या. उथुरु थिला फाल्हू या बेटावर कोस्ट गार्डसाठी बंदर बांधायचा करार झाला, त्यातल्या अटी लोकांना कळल्या नाहीत. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान भारताने दिलं होतं, ती चालवायला आपले लष्करी लोक तिथे होते, पण किती, कुठे, कशासाठी, याचं साधं उत्तर सरकार देईना. सगळे मिळून ८० च्या आसपास माणसं, कामही बहुतेक आजारी माणसांना लांबच्या बेटांवरून उचलून हॉस्पिटलला नेणं, समुद्रात हरवलेले शोधणं, एवढंच. पण जे सांगितलं जात नाही ते लोकांच्या डोक्यात दहापट मोठं होतं. २०२० पासून ‘इंडिया आउट’ सुरू झालं ते या अंधारातूनच, आणि पुढे तुरुंगातून सुटलेल्या यामीननी ते आपल्या हातात घेतलं.

मग एप्रिल २०२२ मध्ये सोलिह यांनी काय केलं तर फर्मान काढून या मोहिमेवर बंदीच घातली, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन. मला हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय वाटतो. भारताविरुद्ध बोलायला त्यांच्याच देशात बंदी, म्हणजे विरोधकांना आयता पुरावाच मिळाला की बघा, सरकार कोणाचं ऐकतं ते. तो निर्णय दिल्लीने घेतला नव्हता, पण दिल्लीने मित्राला तेव्हाच कानात सांगायला हवं होतं की बाबा, हे करू नको, आमच्यासाठी तर अजिबातच करू नको.

मुइझ्झू

मुइझ्झू हे सिव्हिल इंजिनियर, इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातून पीएचडी, यामीन यांच्या काळात गृहनिर्माण मंत्री, तो चीनचा पूल त्यांच्याच खात्याने उभा केला. २०२१ मध्ये मालेचे महापौर. यामीनना शिक्षा झाली म्हणून निवडणूक लढवता आली नाही, आणि ऐनवेळी मुइझ्झू उमेदवार झाले. म्हणजे हा माणूस भारतद्वेषाच्या चळवळीतून वर आलेला नाही, त्याने ती चळवळ वारशात घेतली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. ३० सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या फेरीत ५४ टक्के मतं घेऊन ते जिंकले. प्रचारातलं मुख्य वचन सोपं होतं, परदेशी सैनिक बाहेर काढीन.

१७ नोव्हेंबरला शपथ आणि दुसऱ्याच दिवशी भारताकडे अधिकृत विनंती, सैन्य परत घ्या. नवे राष्ट्राध्यक्ष आधी भारतात येतात असा त्यांचा रिवाज, मुइझ्झू तुर्कस्तानला गेले, मग जानेवारीत चीनला. समुद्राच्या सर्व्हेचा आपल्याबरोबरचा २०१९ चा करार पुढे चालू ठेवणार नाही म्हणून कळवलं. एकामागून एक, ठरवून मारलेल्या थपडा होत्या त्या.

जानेवारीचा तो आठवडा

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला पंतप्रधान मोदी लक्षद्वीपला गेले, समुद्रकिनाऱ्याचे फोटो टाकले. त्यात मालदीवचं नावसुद्धा नव्हतं. पण तिकडच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींबद्दल आणि भारतीयांबद्दल घाण शब्दांत पोस्ट टाकल्या, आणि आपल्याकडे आग लागली. बॉयकॉट मालदीव. नट, क्रिकेटपटू सगळे लक्षद्वीप-लक्षद्वीप करायला लागले, एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीने मालदीवच्या विमानांचं बुकिंगच बंद केलं. मालदीव सरकारने ७ जानेवारीला तिघांना निलंबित केलं आणि ही सरकारची भूमिका नाही म्हणून सांगितलं, पण तोवर कोण ऐकतंय.

गोव्यात तर काय विचारू नका. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, शॅकवाले, ज्या त्या ग्रुपवर एकच, आता मालदीवचं गिऱ्हाईक आपल्याकडे येणार. मला तो आनंद तेव्हाही पटला नव्हता. एक तर मालदीवला जाणारं गिऱ्हाईक आणि कळंगुटला येणारं गिऱ्हाईक एकच नाही. आणि दुसरं म्हणजे पर्यटनावर जगणाऱ्या माणसाने दुसऱ्या पर्यटनावर जगणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय पडताना टाळ्या वाजवायच्या, हे बरं नाही वाटत. तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये खोल्या झाडणाऱ्या बाईने कुठली पोस्ट टाकली होती?

१३ जानेवारीला मुइझ्झू चीनहून परतले आणि म्हणाले की आम्ही लहान असू, पण म्हणून आमच्यावर दादागिरी करायचा परवाना तुम्हाला मिळत नाही. भारताचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. त्याच भाषणात औषधं युरोप-अमेरिकेतून आणू, धान्य तुर्कस्तानातून आणू, सरकारी विम्यावर उपचारासाठी लोकांना भारत-श्रीलंका सोडून दुसरीकडेही पाठवू अशा घोषणा. दुसऱ्या दिवशी सैन्यासाठी १५ मार्चची मुदत. गंमत बघा, भाषणाच्याच दिवशी, १३ जानेवारीला, मालेच्या महापौरपदाची पोटनिवडणूक झाली, स्वतः मुइझ्झूंनी सोडलेली जागा, आणि ती भारताशी जवळीक असणाऱ्या विरोधी पक्षाने जिंकली. म्हणजे मालेतल्या लोकांना घरभाडं, महागाई हेच जास्त टोचत होतं. राष्ट्राध्यक्षाला परकीय शत्रू हवा होता, आणि तो त्याला मिळवून द्यायचं काम आपल्याकडचे टीव्ही चॅनल फुकटात करत होते.

त्या आठवड्यात दिल्लीच्या हातात काय काय होतं ते बघा. धान्याची निर्यात रोखता आली असती. वाळू-खडी बंद केली असती तर तिथलं बांधकाम ठप्प. कर्जाचे रोखे नूतनीकरण न करता पैसे मागता आले असते. हेलिकॉप्टर-विमान सगळं उचलून आणता आलं असतं, घ्या तुमचं तुम्ही. सैन्य काढणार नाही म्हणून अडूनही बसता आलं असतं. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे लोकप्रिय झाली असती, निवडणुका तोंडावर होत्या.

हे आधी करून बघितलंय

या सगळ्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवी राज्यघटना आणली, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यातले, मधेशी नाराज होते, सीमेवर आंदोलन सुरू झालं आणि रक्सौल-वीरगंजला ट्रक अडकले. भारताने आम्ही नाकेबंदी केलेली नाही असंच कायम सांगितलं. पण काठमांडूत पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत, तेही त्याच वर्षीच्या भूकंपातून लोक सावरत असताना, आणि नेपाळी माणसाने दोष दिला तो भारतालाच. याचा फायदा कोणाला झाला? के. पी. ओली यांना. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाले, मार्च २०१६ मध्ये चीनला जाऊन माल वाहतुकीचा करार करून आले, आणि २०१७ च्या निवडणुकीत भारतापुढे न झुकलेला माणूस म्हणून डाव्या आघाडीला घेऊन जवळजवळ दोन तृतीयांश जागांपर्यंत गेले. आपण सगळा जोर लावला आणि समोरच्याला मोठं करून ठेवलं.

आणि गोवेकराला तर नेपाळपर्यंत जायचीही गरज नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, अनेक जण मेले, आणि त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी घट्ट केली. राग रास्त होता, यात मला काडीची शंका नाही, मुक्ती हवीच होती. मी बोलतोय फक्त त्या हत्याराबद्दल. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणं अवघड झालं, रेल्वे बंद, ये-जा बंद. आणि पोर्तुगिजांनी काय केलं? हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट बोटींनी आणलं, दाबोळीला विमानतळ केला, स्वतःची विमान कंपनी काढली, खाणींचा माल जपान आणि पश्चिम जर्मनीला पाठवून पैसा उभा केला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला लिस्बनमध्ये सांगायला मिळालं की बघा, भारत गोव्याला उपाशी मारतोय. आमच्या वाड्यावर एक अण्णा आहेत, त्या वेळी शाळकरी पोर होते. त्यांना मी विचारलं, अण्णा, नाकेबंदीने सालाझारला काय फरक पडला? ते म्हणाले, “त्याच्या ताटात काय कमी झालं रे? झालं ते आमच्या. आणि मग बोटीने बटाटे आले तेव्हा ते ज्याने आणले त्याचं नाव झालं.”

सालाझार हुकूमशहा, मुइझ्झू निवडून आलेले, तुलना पूर्ण जुळत नाही हे मला मान्य आहे. पण नाकेबंदी चालते कशी ते दोन्हीकडे तेच. मार लोकांना बसतो, पुरवठादार दुसरा मिळतो, आणि ज्याला वाकवायचं होतं तो आपल्याच लोकांचा रक्षक म्हणून मिरवतो.

दिल्लीने प्रत्यक्षात काय केलं

पहिलं म्हणजे भांडणाची जागा बदलली. डिसेंबर २०२३ मध्येच दुबईच्या हवामान परिषदेत मोदी-मुइझ्झू भेटले होते आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा एक कोअर ग्रुप करायचं ठरलं होतं. जानेवारीत बाहेर एवढा धुरळा उडालेला असताना तो ग्रुप बसतच होता. फेब्रुवारीत दिल्लीच्या बैठकीत ठरलं की एका ठिकाणचे लष्करी लोक १० मार्चपर्यंत आणि बाकी दोन ठिकाणचे १० मेपर्यंत परत येतील, पण हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर तिथेच राहतील, चालवायला येतील भारतातलेच सिव्हिलियन तंत्रज्ञ. आणि तसं झालं.

मला हा तोडगा फार महत्त्वाचा वाटतो. मुइझ्झूंनी लोकांना वचन काय दिलं होतं, की गणवेशातला परदेशी सैनिक राहणार नाही. ते वचन पूर्ण झालं, त्यांनी छाती फुगवून सांगितलं, दिल्लीने सांगू दिलं. आणि आपल्याला तिथे काय हवं होतं, की विमान उडत राहावं, ते बिघडलं तर दुरुस्त आपल्याच माणसाने करावं, त्या बेटावरचा आजारी माणूस भारतीय हेलिकॉप्टरनेच हॉस्पिटलला जावा. तेही राहिलं. दिल्लीतून कोणी विजयाचं भाषण केलं नाही, ‘बघा, नाव बदललं पण माणसं आमचीच’ असं कोणी जबाबदार माणूस बोलला नाही. हे न बोलणंच अवघड असतं, कारण देशातल्या लोकांसमोर मऊ दिसायची जोखीम असते.

दुसरं, धान्य. ५ एप्रिल २०२४ ला, म्हणजे अजून सगळे सैनिक परतलेही नव्हते, भारताने मालदीवसाठी २०२४-२५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कोटा जाहीर केला, १९८१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. ४२ कोटींच्या वर अंडी, सव्वा लाख टनांच्या आसपास तांदूळ, साधारण ३५ हजार टन कांदा, वाळू आणि खडी प्रत्येकी दहा लाख टन. कांद्याबद्दल तर मुद्दाम सांगायला हवं, त्या वेळी आपल्याकडे कांदा निर्यातीवर बंदी होती, नाशिकचा शेतकरी रस्त्यावर होता. त्याचा राग मी समजू शकतो, त्याला कोणी नीट समजावलंही नाही आणि त्याचं नुकसान वेगळं भरून द्यायला हवं होतं. पण परराष्ट्र धोरण म्हणून तो निर्णय बरोबर होता. मालेतल्या घरात त्या महिन्यात कांदा कमी पडला असता तर मुइझ्झूंना पुढची पाच वर्षं पुरेल एवढा दारूगोळा मिळाला असता.

तिसरं, पैसा. मे महिन्यात ५ कोटी डॉलरचे सरकारी रोखे, जे स्टेट बँकेने घेतलेले होते, ते वसूल न करता आणखी वर्षभर पुढे ढकलले, सप्टेंबरमध्ये आणखी तेवढेच.

आणि चौथं, ज्याचा गाजावाजा कमी झाला, ६ मार्चला लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर नौदलाने आयएनएस जटायू हा तळ सुरू केला. मिनिकॉय म्हणजे मालदीवच्या उत्तर टोकापासून साधारण सत्तर नॉटिकल मैल, तिथल्या लोकांची भाषासुद्धा मालदीवच्या भाषेचीच बहीण. दोनच दिवस आधी मालदीवने चीनबरोबर फुकट लष्करी मदतीचा करार केला होता, फेब्रुवारीत चीनचं संशोधन जहाज मालेला लागून गेलं होतं, तुर्कस्तानकडून ड्रोन घेतले जात होते. म्हणजे दिल्ली झोपलेली नव्हती. पण जे काय दाखवायचं ते आपल्या हद्दीत, आपल्या बेटावर. त्यांच्या अंगणात जाऊन नाही.

हिशेब

एप्रिल २०२४ च्या संसद निवडणुकीत मुइझ्झूंच्या पक्षाने ९३ पैकी ६६ जागा घेतल्या. तेव्हा आपल्याकडे बरेच जण म्हणाले की बघा, गोड वागून काय मिळालं. मला ते वाचन उलटं वाटतं. संसद हातात आल्यावर मुइझ्झूंना भारतविरोधाची गरज उरली नाही. ती निवडणूक व्हायच्या आधीच, मार्चमध्येच, पहिली तुकडी परत गेल्यावर दोन आठवड्यांत त्यांनी एका मुलाखतीत भारत आमचा सगळ्यात जवळचा मित्र राहील आणि कर्जफेडीत सवलत द्यावी असं म्हटलं होतं. वारशात घेतलेला द्वेष होता, काम झाल्यावर खाली ठेवता येतो.

खाली ठेवावाच लागला, कारण तिजोरी रिकामी होत होती. कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त, डॉलरचा साठा घटत चाललेला, सप्टेंबर २०२४ मध्ये मूडीज या पतमापन संस्थेने देशाची पत आणखी खाली आणली, इस्लामी रोख्यांचा हप्ता तोंडावर. मुइझ्झू ९ जूनला मोदींच्या शपथविधीला आलेच होते, ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर मालेला जाऊन आले, सप्टेंबरमध्ये त्या वादग्रस्त पोस्टवाल्यांपैकी दोघींनी राजीनामे दिले, आणि ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू सरकारी दौऱ्यावर दिल्लीत. ४० कोटी डॉलर आणि शिवाय ३००० कोटी रुपये अशी चलन अदलाबदलीची सोय रिझर्व्ह बँकेकडून मिळाली. २०२५ च्या जुलैमध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली त्या सोहळ्याला प्रमुख पाहुणे कोण, तर मोदी. ४८५० कोटी रुपयांचं नवं कर्ज, जुन्या कर्जाचा वार्षिक हप्ता ४० टक्क्यांनी कमी. ‘इंडिया आउट’ म्हणत सत्तेवर आलेला माणूस विमानतळावर स्वतः स्वागताला उभा होता.

बॉयकॉटने हे झालं असं अजूनही काही जण सांगतात. २०२३ मध्ये मालदीवला गेलेले भारतीय पर्यटक दोन लाखांच्या वर होते, पहिला नंबर, २०२४ मध्ये ते सव्वा ते दीड लाखांच्या मध्ये कुठेतरी आले. झळ बसली, नाकारत नाही. पण त्याच वर्षी मालदीवला एकूण पर्यटक २० लाखांच्या वर गेले आणि पहिल्या नंबरवर चिनी आले. म्हणजे रिकामी झालेली जागा ज्याला आपण दूर ठेवू बघत होतो त्यानेच भरली. डच बटाट्यांचीच गोष्ट परत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, की हे दिल्लीचं कौशल्य नाही, मुइझ्झू कर्जात बुडाले म्हणून आले. खरं आहे, कर्जानेच आणलं. पण समजा जानेवारीत आपण धान्य रोखलं असतं, मेमध्ये रोखे वसूल केले असते, तर ऑक्टोबरमधली तीच कंगाली भारताने केलेली कंगाली ठरली असती. लोकांनी पोट आवळून राष्ट्राध्यक्षाला साथ दिली असती, आणि तो दिल्लीला न येता कर्जाचं पाप दिल्लीच्या माथी मारून मोकळा झाला असता. आपण हात न लावल्यामुळे त्याच्या तिजोरीचा हिशेब त्याचाच राहिला. माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण या एका जागी येऊन थांबतं.

आणि ‘मग काय कोणीही शिव्या घालायच्या आणि पैसे न्यायचे?’ हे तर मला आमच्या ग्रुपवर कितीदा ऐकवलं गेलं. शिव्या आणि कृती वेगळ्या ठेवायला हव्यात. भाषण, पोस्ट, पहिला दौरा कुठे, हे सगळं सोडून देता येतं, मोठ्या देशाचं त्याने काही कमी होत नाही. चीनच्या नौदलाला तिथे कायमची जागा मिळाली असती तर ते सोडता आलं नसतं, आणि तेव्हा या पद्धतीने भागलं नसतं. ही पद्धत चालली कारण समोरचा निवडून आलेला होता, त्याला लोकांना जेवू घालायचं होतं, आणि ते जेवण कुठून येतं हे त्याला आणि लोकांना दोघांनाही माहीत होतं. शस्त्रं घेऊन बसलेल्या, निवडणुका बंद केलेल्या माणसासमोर हेच करून चालेल असं मी म्हणणार नाही.

अजून काय राहिलंय

प्रकरण मिटलं असं समजून दिल्ली परत जुन्या सवयीवर जाईल याची मला काळजी वाटते. चीनबरोबरचा लष्करी करार अजून आहे, मुक्त व्यापार करारही मुइझ्झूंनी लागू केला आहे, आणि यामीन वेगळा पक्ष काढून तेच जुनं बोलताहेत, की मुइझ्झूने फसवलं, सैनिक नुसते कपडे बदलून राहिले. २०२८ ला तिथे पुन्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. सोलिह यांच्या काळात आपण एकाच पक्षाच्या गळ्यात गळा घातला होता, आता तेच मुइझ्झूंबरोबर करायचा मोह होईल, तो टाळायला हवा, आज विरोधात असलेल्यांशी, यामीनच्या लोकांशीसुद्धा, बोलणं चालू ठेवायला हवं. उथुरु थिला फाल्हूच्या बंदराचा करार आणि तंत्रज्ञ किती, कुठे, काय काम करतात याची माहिती दोन्ही सरकारांनी आताच, शांततेत असताना, सगळ्यांसमोर ठेवावी, मालदीवच्या संसदेत त्यावर भांडण झालं तर होऊ द्यावं. प्रचार सुरू झाल्यावर ते कागद बाहेर काढले तर त्यांचा उपयोग यामीनना होईल.